बेलाच्या पानाचा अभिषेक

लातूर वेगळा जिल्हा झाला, पण पावसाला कुणी कळवलं नव्हतं. पत्ता बदलला म्हणून की काय, तीन वर्षं तो उदगीरच्या वाटेला फिरकला नाही.

अशात डॉक्टर ईश्वरप्पा गावात आले. मूळचे इथलेच, आता अमेरिकेत स्थायिक. तिकडं आपल्या लोकांनी महादेवाचं देऊळ बांधलं होतं आणि त्याला पुजारी हवा होता. भाविक मराठी, कानडी आणि तेलुगू. गावचे विरूपाक्ष स्वामी तर एका वाक्यात तिन्ही भाषा बोलत. वेगवेगळ्या बोलता येत नसत, इतकंच.

स्वामींना अमेरिकेचं वेड नव्हतं. तिथं नळाला दिवसरात्र पाणी असतं, एवढं त्यांनी ऐकलं होतं. देवावर रोज भरली घागर ओतावी, ही त्यांची जन्माची हौस. इथं टँकर आठवड्यातून एकदा येई. स्वामी बेलाचं पान तांब्यात बुडवून पिंडीवर झटकत. रुद्र मात्र पूर्ण म्हणत.

डॉक्टर म्हणाले, पूजा करून दाखवा. अमेरिकेत चिक्कू पुजारी कोण घेणार, म्हणून स्वामींनी गावातून तीन घागरी मागून आणल्या आणि मोकळ्या हातानं पिंडीवर रित्या केल्या. बाहेर गोमुखाखाली देवळाशेजारच्या नागुबाईनं कळशी लावली होती, तो भाग वेगळा.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. तिकडं देऊळ माडीवर, खाली जेवणाचा हॉल, त्यांनी सांगितलं. आधीचे पुजारी असेच उदार होते. वर महादेवाचं स्नान झालं की छत गळून खाली लोकांच्या ताटातलं सांबार वाढायचं.

स्वामींच्या हातातली रिकामी घागर एकदम जड झाली.

नागुबाई कळशी घेऊन दारात आली. "डाक्टर, ह्ये आज तुमच्यासाठी नटून राहिलेत. रोज नुसतं पान झटकतेत. आमच्या महादेवाला सर्दी झालेली कुनी आयकली न्हाई."

डॉक्टरांनी लगेच पान झटकायला लावलं. तीन थेंब उडाले, त्यातला एक वाटेतच वाळला. निवड पक्की झाली.

"तिथं पानी किती वेळ असतंय?" स्वामींनी विचारलं.

"बंदच होत नाही."

"आन् महादेवाला?"

"असंच पान. तेही प्लास्टिकचं, धुऊन परत वापरतो."

स्वामींनी पान पिंडीवर ठेवलं. "मग जमायचं न्हाई. हितं पानी न्हाई म्हनून त्यो समजून घेतोय. तिथं त्याला काय सांगू?"

डॉक्टरांनी पगार सांगून पाहिला, राहायची सोय सांगून पाहिली. स्वामी हलेनात. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. "महाशिवरातीला आन् श्रावणातल्या सोमवारी घागर वतू द्या. त्या दिवशी खाली कोन जेवतंय? समद्यांना उपास."

तिकडं सगळ्यात मोठी पंगत नेमकी उपासाच्या दिवशीच बसते, हे गाभाऱ्यात उभं राहून सांगणं डॉक्टरांच्या जिवावर आलं.

"मंजूर," ते म्हणाले.