काळखडीची मागं न सरणारी रांग

घोटीच्या पुढं डोंगराच्या कुशीत काळखडी नावाचं गाव आहे. तिथल्या भातखाचरात कधीकाळी मोठी लढाई झाली. डोंगरातल्या मूठभर माणसांनी नुसत्या गोफणींनी अख्खी पलटण अडवली. तोफेचे गोळे म्हणे हातात झेलले, आणि चटके बसले म्हणून परत फेकून दिले. पण एक पाऊल कोणी मागं घेतलं नाही. सगळे तिथंच पडले.

आता तिथं स्मारक व्हायचं होतं. सरपंच रंगनाथभाऊंना हवा होता सिमेंटचा घोडा. मालेगावच्या कारागिराला त्यांनी सांगूनही ठेवलेलं. नाशिक रोडची वल्लरी, बागा नि मैदानं आखून देणारी मुलगी, म्हणाली, घोडा नको, इथं भातच लावू. मागं सगळं हिरवं, आणि लढणारे उभे होते तिथं काळ्या-जांभळ्या पानांच्या भाताची रांग. टेकडीवरून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की माणसं अजून उभी आहेत. रंगनाथभाऊंनी तिला एक पावसाळा दिला. जमलं तर ठीक, नाहीतर घोडा.

हिरवं लावून झालं. जांभळ्या रोपांच्या जुड्या बांधावर आल्या, आणि आवणीच्या बायांची पुढारीण कुसाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आवणी करताना समोर रोप खोचायचं नि मागं सरकायचं, नाहीतर लावलेलं आपल्याच पायाखाली जातं.

"या रांगेत आम्ही मागं सरणार नाय, ताई. आमची माणसं मेली, पण मागं नाय सरली."

वल्लरीनं समजावलं, ही तर नुसती लावायची रीत. बाया बांधावर बसल्या त्या बसल्याच. रोपं माना टाकायला लागली. रंगनाथभाऊ मोबाइलवर घोड्याचा फोटो दाखवत हिंडत होते. घोडा बराचसा म्हशीवर गेला होता.

दुसरी कोणी असती तर रडली असती, नाहीतर बाहेरगावचे मजूर आणले असते. वल्लरी चपला काढून चिखलात शिरली आणि रांगेच्या जागी पलटणीच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. लय वेळ उभी राहिली. मग वाकली आणि पाय न हलवता आपल्याभोवतीच रोपं खोचत गेली. पुढं, बाजूला, अंग वळवून पाठीमागं. गोल पुरा झाला तशी लांब ढांग टाकून पुढच्या मोकळ्या पाण्यात उतरली. मधे राहिली फक्त दोन पावलांची जागा, पाण्यानं भरलेली.

"एकेका माणसाचा एकेक गोल," ती म्हणाली. "मागं कुणीच सरायचं नाही."

कुसाबाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि पदर खोचला. "वाकडी लावलीस, पोरी," म्हणाली, आणि तिच्या गोलाशेजारी जाऊन उभी राहिली. मागोमाग साऱ्या बाया उतरल्या.

भादव्यात सगळं गाव टेकडीवर चढलं. खाली हिरव्याला लागून काळे गोल, आणि प्रत्येकाच्या पोटात आभाळाचा तुकडा चमकत होता. वारा आला की खांद्याला खांदा लावून ती माणसं डुलायची, जागा मात्र सोडायची नाहीत. त्या दिवशी डोंगरसुद्धा जरा ताठ उभा राहिला, असं काळखडीत सांगतात. रंगनाथभाऊंनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मालेगावला फोन करून घोडा राहू द्या म्हणाले. मग वल्लरीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "यातला आमच्या खापरपणजोबांचा गोल कोणता?"

ते तिला कुठून माहीत असणार?

"मग मधला आमचा धरतो," ते म्हणाले. पण तोवर मधल्या गोलावर अर्ध्या गावानं हक्क सांगून टाकला होता.