नऊ मिलिमीटर

“पाच वर्षांत उघडली नाहीत ती नकोत,” म्हणत धाकट्याने माउस ओढला आणि चारशे फोल्डरांपुढच्या खुणा एका झटक्यात काढून टाकल्या. ताईची आरी चामड्यात अर्धी घुसून तिथेच थांबली.

“नकोत म्हणजे?”

“अगं, नवी सिस्टिम टाकायची तर कॉम्प्युटर आधी कोरा करावा लागतो. हवं ते बाहेर काढून ठेवायचं, उरलेलं पुसलं जाणार. माझ्या डिस्कवर जागा कमी आहे.”

“का कमी आहे?”

“आमच्या सहलीचे फोटो आहेत त्यावर.”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! ज्यांना बाजारातले बूट बसत नाहीत अशांसाठी हे दुकान बाबांनी उभं केलं होतं. कुणाचा एक पाय मोठा, कुणाची बोटं गेलेली, कुणाची टाच वाकडी. बाबा गेल्यावर त्यांच्या वह्यांतलं एकेक माप तिने स्वतः कॉम्प्युटरवर उतरवलं होतं, दोन बोटांनी टाइप करत. नावं मात्र बाबांच्या पद्धतीने, पायावरूनच ठेवली होती. ‘सहा बोटं’. ‘उंच टाच’. माणूस नाव खोटं सांगेल, पाय सांगत नाही, असं ते म्हणायचे.

“यातली निम्मी माणसं वारली असतील, ताई.”

“आणि उरलेली निम्मी? त्यांना अनवाणी हिंडवू?”

“येतील तेव्हा घे की परत माप.”

“परत माप घे म्हणे! एकेक बूट बसायला सहा-सहा महिने लागलेत. तुला काय, तू उंटावरून शेळ्या हाकणार.”

धाकटा हसला. त्याचं हे हसणं तिला लहानपणापासून सोसत नसे.

“चिडतेस काय? अजून तुझ्याकडचेच बूट घालतो ना मी? बाजारातले दोनदा घेतले, दोन्ही वेळा कंबर धरली, आलो परत. वर तुझा जाच आहेच. जुना जोड आणून टाक, मगच नवा मिळेल. काय करतेस गं त्या जुन्या बुटांचं?”

तिने आरी खेचून काढली, दोरा ओवला, आणि मग पुन्हा तिचं डोकं फिरलं.

“फेकायच्या आधी एक तरी उघडून बघ! कुठलंही उघड. काय फेकतोयस ते कळू दे तुला!”

“बरं बाई, हे बघ, सगळ्यात वरचं. गेल्या महिन्यातच उघडलंयस. ‘डावा आखूड’.”

ताई उठली, पण मधे टेबल होतं आणि मांडीवर बूट. ती पोचेपर्यंत त्याने वाचायला सुरुवात केली होती. वर बाबांच्या वहीतलं जसंच्या तसं उतरवलेलं: वय वर्षे सहा. डावा पाय नऊ मिलिमीटर आखूड. बुचाची पट्टी आतून, अस्तराखाली. पोराला कळता कामा नये. त्याखाली दर वर्षाची एक ओळ होती, एकतीस ओळी. शेवटच्या ओळीत त्याच्या पायातल्या तपकिरी बुटांचा रंगही लिहिला होता.

धाकट्याने वाकून डावा बूट काढला. आत हात घातला, टाचेपाशी चाचपला. अस्तराखालची पट्टी बोटांना लागली.

“व्यायामाने पाय सारखा झाला, असं बाबा म्हणाले होते.”

“हो.”

“माझं माप कधी घेतलंस तू?”

“जुन्या जोडाचा तळ कसा झिजलाय ते बघून कळतं.”

“आणि मला सांगावंसं वाटलं नाही?” त्याचा आवाज चढला. “सदतीस वर्षांचा आहे मी! माझा पाय, आणि मला सोडून सगळ्यांना ठाऊक!”

“तुला सांगितलं होतं. जाड टाचेचा बूट दिला होता बाबांनी. पोरं हसली म्हणून तू तो गटारात फेकलास आणि आठ दिवस घराबाहेर पडला नाहीस. तेव्हापासून पट्टी आत गेली.”

त्याने बूट घातला, नाडी बांधली आणि स्क्रीनकडे वळून सहलीचे फोटो डिस्कवरून पुसायला घेतले. मग सगळ्या फोल्डरांपुढे पुन्हा खुणा केल्या. कॉपी सुरू झाली. तासभर लागेल, असं स्क्रीनवर आलं.

“चहा पिऊन येतो,” म्हणत तो उठला.

ताई बघत राहिली. दारापर्यंतची ती दहा पावलं तो खाली बघत, पाय जपून टाकत गेला. आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा तो लंगडला.

“नीट चाल!” ती आतून कडाडली. “बरोबर नऊ घातलेत मी!”