गावच्या मातीतला धनुर्वात

२००४ सालची गोष्ट. मित्रांनो, मी धनुर्वाताचा एक जुना जिवाणू आहे. वाशीमकडच्या एका शेतातल्या शेणखतात माझा जन्म झाला. रेल्वेतले शामराव जयपूरला बदलून आले, तेव्हा कढीपत्त्याच्या कुंडीसाठी गावची माती पोत्यात भरून घेऊन आले. तिच्याबरोबर मीही जयपुरातल्या दुर्गापुऱ्याला आलो.

त्यांची मुलगी गौतमी कॉलेजात आमचाच अभ्यास करायची. पाठ करताना मोठ्यानं म्हणायची, "आकारावरून गोल, दांड्यासारखे, नागमोडी. रंगवल्यावर जाड भिंतीचे जांभळे, पातळ भिंतीचे गुलाबी. काहींना हवा लागते, काहींना हवाच मारते."

मी दांड्यासारखा, जांभळा, हवा न सोसणारा. दिवस वाईट आले की मी टणक कवचाचा बीजाणू होऊन निजतो. उकळत्या पाण्यातही बराच वेळ तग धरतो. जागा झालो की अंगभरच्या शेपट्यांनी पोहतो. डीएनएच्या एका लहानशा कड्यात माझ्या विषाची कृती आहे.

एकदा कुंडीपाशी पडलेल्या खुरप्यावर शामरावांचा पाय पडला. टोक तळव्यात खोल घुसलं. त्यांनी कुंडीतली माती जखमेत दाबली आणि वर फडकं करकचून बांधलं.

"बाबा, धुवा ना ते. मतलब, इंजेक्शन आजच घ्या."

"दोन बुकं वाचली अन् बापाले शिकवते," शामराव हसले. "गावची माती हाय ही. मायच्या हातानं कोणी मरते का?"

"राहू दे पोरी, ते आयकत नाहीत," आई यमुनाबाई म्हणाल्या.

फडक्याखाली हवा पोचेना. मी कवच सोडलं. एकाचे दोन झालो, दोनाचे चार, आणि विष सोडू लागलो. आठवड्याभरात शामरावांचा जबडा आखडला, ओठ ताणले गेले.

"भाकर वाढली, अन् तुम्ही दात काय काढता?" यमुनाबाई चिडल्या.

गौतमीनं वर पाहिलं. पुस्तकातलं धनुर्वाताचं पान तिला तोंडपाठ होतं.

दवाखान्यात नुसतं दार वाजलं तरी शामरावांची पाठ धनुष्यासारखी वाकायची. शुद्ध मात्र शेवटपर्यंत होती. तिथंच ते वारले. यमुनाबाई गावी परतल्या. जेवताना कुणी हसलं की त्या पानावरून उठतात. गौतमीची परीक्षा हुकली. पुढच्या वर्षी तिनं ती दिली, आणि आता ती जयपुरातच सीतापुऱ्यातल्या एका कॉलेजात आमचं वर्गीकरण शिकवते.

मित्रांनो, माझ्यात भिंत आहे, शेपट्या आहेत, विषाची कृती आहे. दया राहील अशी जागा माझ्यात कुठेच नाही. म्हणून खोल जखम वाहत्या पाण्यानं धुवा, लस चुकवू नका. काळजी तुमची तुम्हालाच करायची आहे.