टर्बोच्या तेलाची वाट

गाडी अजून कोपऱ्यावरच होती, तेवढ्यात उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. चांगल्या टर्बोची शीळ बारीक असते, कान देऊन ऐकली तरच कळते. ही शीळ नव्हती, किंकाळी होती. मागे निळा धूर. गाडी सिस्टरांची, आणि तिच्यात नवा टर्बो आठच दिवसांपूर्वी खुद्द उस्तादांनी बसवलेला.

सिस्टर म्हणजे डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर जाऊन बाळंतपणं करणाऱ्या नर्स. तोंडानं फटकळ, कामाला वाघ. त्या दार आपटून उतरल्या.

“उस्ताद, काल चढावर हिनं मान टाकली. पुढचं मैलभर मी बॅग घेऊन चालत गेले. पोचले तेव्हा बाळ आजीच्या मांडीवर रडत होतं.”

“म्हणजे सगळं ठीक ना?” उस्तादांच्या पुतणीनं विचारलं. ती सहा वर्षं काकांच्या हाताखाली होती आणि आता अर्धं वर्कशॉप तीच ओढत होती.

“ठीक. पण ते बाळाच्या नशिबानं, तुमच्या टर्बोच्या कृपेनं नव्हे.”

“पार्टच खोटा निघाला असणार,” उस्ताद म्हणाले. “हल्ली मालाचा काही भरवसा नाही.”

बॉनेट उघडायच्या आधीच त्यांनी हे सांगून टाकलं. एरवी ते असं कधी करत नसत. पुतणीनं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि कामाला लागली.

टर्बो निघाला. दांडा बोटानं हलवला तर डुगडुगत होता. पात्यांची टोकं घासून बोथट झालेली. सिस्टर शेजारीच उभ्या.

“हा करतो तरी काय, मला नीट सांग. बाळ पोटात कसं फिरतं ते मी अडाण्यालाही समजावते. मग मला एवढं कळायला काय झालं?”

पुतणीला हसू आलं. “इंजिनात जेवढी हवा, तेवढंच डिझेल नीट जळतं. जास्त हवा कोंबली की जोर वाढतो. हे इकडचं चाक एक्झॉस्टच्या गरम धुरानं फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हे चाक. ते बाहेरची हवा ओढतं, दाबतं आणि इंजिनात भरतं.”

“म्हणजे टाकाऊतून टिकाऊ. माझ्या भावाच्या गाडीत तर पट्ट्यावर चालणारं काहीतरी होतं.”

“तो सुपरचार्जर. त्याला इंजिनच पट्ट्यानं फिरवतं. पाय दाबला की लगेच जोर मिळतो, पण त्यासाठी तो इंजिनाचीच थोडी ताकद खातो. टर्बो फुकटच्या धुरावर चालतो. फक्त धुराला जोर धरायला क्षणभर लागतो.”

“आणि हा मेला कशानं?”

“हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो म्हणून टिकतो. तेल आटलं की संपलंच.”

बोलता बोलता तिनं तेलाच्या नळीचा पोकळ बोल्ट काढला आणि उजेडात धरला. भोकात लाल रबरासारखा गोळा अडकला होता.

गमचा गोळा. पुतणी तिथं गम कधीच लावत नसे. सांधा बंद करायला तांब्याचे वायसर असताना गम कशाला, यावरून तिचं आणि काकांचं दहादा वाजलं होतं. टर्बो बसवला त्या दिवशी वायसर नीट बसलाय की नाही ते उस्तादांना दिसेना. वर्षभर त्यांना सगळ्याच कडा धुरकट दिसत होत्या. म्हणून त्यांनी गमचा थर दिला होता, जरा सढळ हातानं.

पुतणीनं मूठ मिटली.

“सिस्टर, चूक माझी. नळी मी बसवली होती. तेलाची वाट बुजली.”

उस्तादांना गप्प राहता आलं असतं. पोरीचं वय लहान, चार शब्द ऐकून सुटली असती. त्यांची बत्तीस वर्षांची अब्रू शाबूत राहिली असती. पण ती पापणीही न हलवता खोटं बोलली होती, आणि ते त्यांच्यासाठी. हे काही त्यांनी तिला शिकवलं नव्हतं.

“खोटं बोलतेय ती,” ते म्हणाले. “त्या दिवशी ती सामान आणायला गेली होती. नळी मी बसवली. मला नीट दिसत नाही, सिस्टर.”

सिस्टरांनी त्यांना दंडाला धरून दारात उजेडात नेलं आणि अंगठ्यानं पापणी वर केली.

“मोतीबिंदू. कधीपासून?”

“वर्ष झालं.”

“न दिसता मी कुणाला सुई टोचली असती, तर तुम्हाला चाललं असतं?”

“नाही.”

“मग?”

सिस्टरांनी उस्तादांची समजूत काढली नाही. “गाडी परवा हवी. हिच्या हातची,” एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दुसरा टर्बो वर्कशॉपच्या पदरच्या पैशांनी आला. पुतणीनं हवेच्या सगळ्या नळ्या धुतल्या, इंजिनाचं तेल बदललं, टर्बोत आधी हातानं तेल सोडून चाक फिरवून पाहिलं. काका वायसर हातात देत होते.

“मला का नाही सांगितलंत?” तिनं मान वर न करता विचारलं.

“तू काम काढून घेतलं असतंस.”

“घेतलंच असतं.”

“म्हणून नाही सांगितलं. आणि तू का खोटं बोललीस?”

“तुमच्याकडे बघवेना.”

काकांनी तिला पुढचा वायसर दिला.

गाडी न्यायला आल्या तेव्हा सिस्टरांनी डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणली होती. तारीखही त्यांनीच ठरवून टाकली होती. चिठ्ठी वरच्या खिशात ठेवून उस्ताद दिवसभर स्टुलावर बसले. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, “तिला दाखवा.” संध्याकाळी एका जुन्या गिऱ्हाइकानं “तुम्हीच बघा ना, उस्ताद,” म्हणून गळ घातली, तेव्हा ते सरळ म्हणाले, “मला दिसत नाही. तिला दिसतं.”