टोपीचा फोटो

बेडकीचा मामा फोटोग्राफर होता आणि भाचीपुढे त्याला दुसरं काही दिसत नसे. भाची कुठल्या मामाला आवडत नाही? पण याचं जरा जास्तच होतं. कुणी साधा ओळखपत्राचा फोटो काढायला स्टुडिओत आलं, तरी आधी त्याला भिंतीवरची बेडकी बघावी लागे. लहानपणी आंघोळीच्या बादलीतसुद्धा ती हातपाय झाडायची, म्हणून हे नाव मामानेच ठेवलं होतं. आता तिचे खांदे मामापेक्षा रुंद झाले होते, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

ती बटरफ्लाय पोहायची आणि मामा तिच्या प्रत्येक स्पर्धेचे फोटो काढायचा. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. तलावाच्या बंद सभागृहात हवा इतकी दमट असते की बाहेरून आणलेल्या गार कॅमेऱ्याच्या काचेवर लगेच वाफ धरते. म्हणून मामा सगळ्यांच्या आधी येऊन बॅग उघडून ठेवायचा आणि कॅमेरा हवेला सरावेपर्यंत गप्पा मारत बसायचा. मग कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी, गुडघ्यांखाली टॉवेलची घडी, आणि स्वारी जाऊन बसायची भाचीच्या लेनच्या टोकाला, स्टॉपवॉचवाल्या दोन पंचांच्या खुर्च्यांमध्ये. पंच कुरकुर करायचे, पण मामाचा चेहराच असा की त्याला कुणी फार वेळ ओरडू शकत नसे.

बटरफ्लायमध्ये पोहणाऱ्याचं तोंड श्वास घेण्यापुरतं वर येतं. दोन्ही हात पसरलेले, तोंड उघडं, पापणी लवेपर्यंत सगळं परत पाण्यात. बोट लवकर दाबलं तर नुसतं पाणी, उशिरा दाबलं तरी पाणीच. इतर मुलींचे फोटो मामाचे हुकायचेही. बेडकीचा मात्र भिंतीजवळचा फोटो कधीच हुकला नव्हता. समोरून, स्वच्छ, गॉगलच्या काचा थेट कॅमेऱ्यावर रोखलेल्या. एकदा वर्तमानपत्रानेही त्यातला एक छापला, तेव्हापासून मामाची छाती दोन इंच पुढेच होती.

एवढं सगळं छान होतं, पण बेडकी पुढे जात नव्हती. मोठ्या स्पर्धेत उतरायला ठरलेल्या वेळेच्या आत पोहावं लागतं, आणि या हंगामात ती दर वेळी अगदी थोडक्यात चुकली होती. आता एकच स्पर्धा उरली होती. मामाची मोठी बहीण, म्हणजे बेडकीची आई, एकदाच शांतपणे बोलली होती, "यंदा नाही जमलं तर पोहणं हौसेपुरतं. मग अभ्यास." ताई शांतपणे बोलली की घरात कुणी वाद घालत नसे. बेडकीने मान डोलावली होती आणि त्या दिवशी ती जेवली नव्हती.

स्पर्धेच्या आदल्या सकाळी कोचबाई स्टुडिओत आल्या. त्यांना ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. बाई अंगाने बारीक, पण आवाज असा की तलावाच्या पार दुसऱ्या टोकाची मुलं दचकायची. मामाने त्यांना स्टुलावर बसवलं, दिवा सरळ केला आणि म्हणाला, "बाई, इकडे बघा."

बाई भिंतीकडे बघत होत्या.

"छान आहेत ना?" मामा खूश झाला. "बघा की जवळून."

बाई उठल्या. पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत गेल्या, परत पहिल्याकडे आल्या. मामा कौतुकाची वाट बघत उभा.

"मामा, या सगळ्यांत हिच्या मागे वर ही झेंड्यांची दोरी दिसतेय."

"ती दिसतेच की. भिंतीच्या अलीकडे पाच मीटरवर टांगलेली असते. फोटोला रंगही येतो जरा."

"रंग येतो," बाई म्हणाल्या. "आणि ही दोरीच्या आत येऊन श्वास घेतेय. प्रत्येक फोटोत. दोरीच्या आत आलं की श्वास नाही घ्यायचा, डोकं खाली आणि हात भिंतीला. मान वर काढली की कंबर बुडते, आणि कंबर बुडली की सगळं संपलं. हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. सरावात एकदाही चुकत नाही. स्पर्धेतच का चुकते, ते मला कळत नव्हतं. वाटायचं दमत असेल, घाबरत असेल. बोलून बोलून घसा बसला माझा."

"मग?"

"सरावाला तुम्ही नसता, मामा."

मामाच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. पडल्यावर तो मटकन त्याच स्टुलावर बसला.

"ती तुम्हाला शोधते," बाई म्हणाल्या. आवाज त्यांच्या मानाने मऊ होता. "तुम्ही तिथे आहात ना, ते बघते. म्हणून हे फोटो इतके चांगले येतात."

म्हणजे आपल्या बोटाची कमाल वगैरे काही नव्हती. पोरगी स्वतःची वेळ घालवून मामाला फोटो देत होती. मामाच्या जिवाला ते फार लागलं.

"मी उद्या येतच नाही," तो म्हणाला.

"मग तुम्ही दिसत नाही म्हणून ती दोनदा मान वर काढेल."

"मग सांगतो तिला सरळ."

"अजिबात नाही. मामामुळे आपली वेळ गेली असं कळलं, तर ती तुमचीच काळजी करत पोहेल. काय करायचं ते तुम्ही बघा. तुमची भाची आहे." एवढं बोलून बाई स्टुलाकडे बघत उभ्या राहिल्या. मामा उठला, त्या बसल्या, आणि कोचबाईंचा फोटो हलला. त्याने तो तीनदा काढला.

दुसऱ्या दिवशी बेडकी शर्यतीआधी टॉवेल गुंडाळून कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. ओठ पांढरे पडले होते. मामा तिच्याशेजारी जाऊन बसला.

"ए बेडके, एक काम आहे तुझ्याकडे."

"आत्ता, मामा?"

"आत्ताच. आज मला वेगळा फोटो पाहिजे. तुझं थोबाड बघून बघून भिंत कंटाळलीये."

"भिंत की तू?"

"दोघंही. आज मला नुसती टोपी हवीय. दोरीच्या आत आलीस की टोपी आणि पाणी, बस. नाकाचा शेंडा जरी दिसला तरी फोटो वाया."

"टोपीचा फोटो कोण काढतं?"

"मोठे फोटोग्राफर काढतात. तुला काय कळतंय त्यातलं!"

ती हसली. ओठांवर थोडा रंग आला. मग टॉवेलच्या टोकाशी चाळा करत तिने विचारलं, "तू असशील कुठे?"

"नेहमीच्याच जागी. अगं, मी कुठे जातोय?"

"नक्की?"

"नक्की. बघायचीसुद्धा गरज नाही," मामा म्हणाला आणि पटकन उठला.

शिट्टी झाली, मुली ठोकळ्यांवर चढल्या, आणि भोंग्याबरोबर आठही जणी पाण्यात गेल्या. बेडकी बराच वेळ पाण्याखालीच होती. वर आली तेव्हा दोन्ही हात असे फेकले होते की पाणीच बाजूला सरून तिला वाट देतंय असं वाटावं. पलीकडच्या भिंतीवरून वळून ती परत निघाली, आणि मामाने कॅमेरा डोळ्याला लावला. शेजारच्या लेनमधली मुलगी पुढे होती. बेडकीचे हात आता जड झाले होते, दर वेळी पाण्यातून ते उपसून काढावे लागत होते, पण ती काढत होती. श्वासाला तोंड वर येई तेव्हा ते वेडंवाकडं झालेलं दिसे. इतकी वर्षं मामाने तो चेहरा टिपला होता, पण पोहताना तिला किती दुखत असतं, हे आज त्याला पहिल्यांदा दिसलं. या पोरीची सर आपल्याला सात जन्मांत यायची नाही, असं त्याला वाटलं.

दोरीच्या पलीकडे तिने एक मोठा श्वास घेतला. मग ती दोरीखालून आत आली. मामाने बोट दाबून धरलं आणि स्वतःचाही श्वास रोखला. हात आले, टोपी खालीच. पुन्हा हात आले, टोपी खालीच. गुळगुळीत, ओली, निळी टोपी सरळ त्याच्याकडे येत होती, आणि तिच्या पुढे दोन हात, आणि मग ते दोन्ही हात एकदम भिंतीवर आदळले.

आजवर भिंतीला हात लागला की ती आधी वर मामाकडे बघायची आणि मग वेळेकडे. वेळेचा बोर्ड समोरच्या भिंतीवर होता. आज ती तशीच गर्रकन वळली आणि मामाला तिची पाठ दिसली. ती पाठ काही क्षण हललीच नाही. मग तिने दोन्ही मुठींनी पाणी बडवलं, अशी किंचाळली की पंचांनी कान झाकले, आणि लेनच्या दोरीवरून पलीकडे झेपावून पहिल्या आलेल्या मुलीच्या गळ्यात पडली. तिचा नंबर दुसरा होता, पण ठरलेली वेळ तिने गाठली होती. कोचबाई काठावरून धावत येत होत्या, आणि बेडकी पाण्यातून निघून थेट त्यांच्याकडे पळाली.

मामा गुडघ्यांवर बसूनच राहिला. आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता आणि त्यातच कुठेतरी बारीकसं टोचतही होतं. पोरीने एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. त्याने शर्टाच्या बाहीने आधी डोळे पुसले आणि मग कॅमेरा.

तेवढ्यात ताई प्रेक्षकांतून वाट काढत खाली आली. तिचेही डोळे लाल होते. तिने मामाच्या हातातून कॅमेरा जवळजवळ हिसकावलाच आणि एकेक फोटो पुढे सरकवायला लागली. टोपी. टोपी आणि पाणी. हात. पाठ. परत पाठ.

"अरे, एकातही तोंड दिसत नाही हिचं! एवढा मोठा दिवस, आणि तू हे काढलंस? करत काय होती ही?"

"पोहत होती, ताई," मामा म्हणाला.