म्हशीचा निरोप

सरूबाईनं पायातली चप्पल काढून लेकीच्या नाकाशी धरली, तेव्हा डॉक्टर सगीरा यांनी तिचा हात अलगद बाजूला केला.

"चप्पल राहू द्या, मावशी. ही मिरगी नाही."

चतुरा खुर्चीतून घसरून फरशीवर पडली होती. मान लुळी, डोळे अर्धवट मिटलेले. आणि कारण काय, तर बापाचा विनोद. पोरगी हसली की अशी गळून पडते हे डॉक्टरांना स्वतः बघायचं होतं, म्हणून त्यांनीच रामकिसनला सांगितलं, हसवा हिला. घरात तोंड शिवून बसलेला माणूस तो, सुटलाच. म्हैस धुता धुता चतुरा तिलाच टेकून कशी झोपली आणि पोरगी जागी होईस्तोवर त्या बिचारीनं शेपूटसुद्धा कसं हलवलं नाही, हे त्यानं म्हशीसारखं तोंड करून दाखवलं.

गावी, पिशोरला, त्यांच्या घरात हसण्यावर बंदी होती. सरूबाईनंच घातलेली. पोरीला दिवसा बसल्या जागी डुलकी लागायची, भाकरी थापतानासुद्धा. लोक आळशी म्हणायचे, तेवढं सोसता येत होतं. पण हसली की पडायची, आणि पडली की गाव मिरगी म्हणायचं. अशा पोरीला कोण करून घेणार? शिवाय तिच्या पाठच्या दोघी होत्याच.

"ती बेशुद्ध नाही," डॉक्टर म्हणाल्या. "अंगातलं बळ तेवढं जातं. ऐकू सगळं येतं."

त्या गुडघ्यावर बसल्या आणि चतुराच्या कानात काहीतरी कुजबुजल्या. थोड्या वेळानं चतुरा फरशीला हात टेकून उठली.

"काय म्हणाले मी?"

"सीताफळ," चतुरा म्हणाली. "दौलताबादचं."

रामकिसन हरखला. डॉक्टर सांगत राहिल्या. नार्कोलेप्सी म्हणतात याला. मेंदूला झोप आणि जाग वेगवेगळी सांभाळता येत नाही, जागेपणातच झोप घुसते. एक रात्र इथं झोपवून यंत्रावर तपासू, दुसऱ्या दिवशी दिवसाची झोप बघू. मग गोळ्या, आणि दुपारी ठरल्या वेळी थोडी झोप. मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतं. तोवर चुलीपाशी, विहिरीवर एकटीला सोडू नका.

रामकिसन प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. सरूबाईच्या कानात यातलं काही शिरत नव्हतं. तिला पुतणीची हळद आठवत होती. मांडवात चतुरा अशीच पडली, पाहुणे गोळा झाले, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन सरूबाई जावेला म्हणाली होती, "ही मेली तर सुटंल बाई. मागच्या दोघींचं तरी व्हईल." पोरीला शुद्ध नाही, म्हणून बोलली होती.

दवाखान्याच्या पायऱ्या उन्हानं तापल्या होत्या. रामकिसन रिक्षा बघायला पुढं गेला. चप्पल अजून सरूबाईच्या हातातच होती.

"समदं ऐकू यायचं तुला?"

"व्हय."

"हळदीला बी?"

चतुरानं तिच्या हातातली चप्पल घेतली आणि तिच्या पायाशी ठेवली.

"घाल. पाय भाजायलाय तुझा."

सरूबाईनं ती पायात सरकवली. म्हणजे ऐकलं होतं. ऐकून घरी आली, भांडी घासली, आणि आजवर एका शब्दानं बोलली नाही. सरूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण पोर टक लावून तोंडाकडं बघत होती आणि तिच्या नजरेसमोर जीभ उचलेना.

रामकिसन रिक्षा घेऊन आला.

"चल गं. म्हशीचा निरोप आलाय. म्हणती, पोरीला लौकर धाडा, माझ्या अंगाला टेकायला कुणी नाय."

सरूबाईनं सवयीनं त्याच्याकडं डोळे वटारले, पण उशीर झाला होता. चतुरा हसली आणि तिचे गुडघे मोडले. सरूबाईनं तिला धरलं, पायरीवर बसून डोकं मांडीवर घेतलं. चप्पल या वेळी पायातच राहिली. मग ती वाकली आणि पोरीच्या कानाशी तोंड नेऊन बोलू लागली. चतुराचा चेहरा हलला नाही. आत्ता तो हलणार नव्हताच.

"काय सांगायलीस तिला?" रामकिसननं विचारलं.

"तुमाला नाय," सरूबाई म्हणाली, आणि पुन्हा वाकली.