हिरवी झालेली रांग

भुजंगने चवळीचं रोप वाळूसकट उपटलं, बादलीत मुळं धुतली आणि मुळावरची एक गाठ नखाने फोडली. आत पांढरी. दुसरी फोडली, तीही पांढरीच. नत्र पकडणारी गाठ आतून गुलाबी असते, तशी एकही नाही. पानं मात्र हिरवीगार होती.

मुळांत सोडलेले जिवाणू त्याने दिल्लीहून मागवले होते. हवेतला नत्र पकडायची जनुकं वाचायला जिवाणूतलं यंत्र सिग्मा नावाच्या प्रथिनाबरोबर नेमक्या जागी येऊन बसतं. पण हा सिग्मा नुसता बसून राहतो. दुसऱ्या एका प्रथिनाने चेतवलं तरच वाचन सुरू होतं. ते चेतवणारं प्रथिनच या जिवाणूंत मोडलेलं होतं. वाळूत दुसरा नत्र नाही, म्हणजे झाडं पिवळी पडायला हवी होती. आठवड्यापूर्वी कुंड्यांची एक रांग हिरवी दिसली, तेव्हा तो संशोधनाच्या मार्गदर्शक सरांच्या खोलीकडे धावत गेला होता. चेतवणाऱ्या प्रथिनाशिवाय नत्र पकडता येतो, असं आजवर कुणी दाखवलं नव्हतं. सरांनी हैदराबादच्या परिषदेसाठी शोधनिबंध टाईप करायलाही दिला होता.

रोजंदारीवर कुंड्यांना पाणी घालणाऱ्या सरजाबाई झारी घेऊन काचघरात आल्या.

"मावशी, या रांगेला पाण्याबिगर काही दिलं का?"

त्यांनी झारी खाली ठेवली.

"जरासा युरिया. पाण्यात कालवून."

"का?"

"तुमीच म्हणलाव की, ह्यांच्या मुळातल्या किड्याला उठवणारं कुणी न्हाई, म्हणून उपाशी हायेत. रोज पाणी घालायलेय अन् रोज पिवळी पडायलीत. बघवंना. समद्यांना पुरला न्हाई."

भुजंगने उपटलेलं रोप बादलीत ठेवलं.

"आता मला काढतेत का कामावरून?"

तो हात धुऊन सरांकडे गेला. टाईप केलेला निबंध टेबलावर होता. वर पहिलं नाव त्याचंच.

"सर, गाठी पांढऱ्या आहेत. रांग खताने हिरवी झाली."

"खत घातलं कुणी?"

"कुंड्या माझ्या ताब्यात होत्या, सर."

सरांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. मग कागद उचलून खणात टाकले.

सोमवारी त्याने नवी वाळू भरली. महिन्याभरात नवी रोपं पिवळी पडू लागली. भुजंग वहीत पानांचा रंग लिहीत होता. सरजाबाई पाणी घालता घालता थांबल्या.

"तुमचं काम झाल्यावर तरी ह्यांना काही घालू का?"

दहा दिवसांनी सगळीच रोपं उपटून, भट्टीत वाळवून त्यांचं वजन करायचं होतं.

"घाला की," तो म्हणाला, आणि पुढच्या कुंडीवर वाकला.